रस्त्यावाचूनचा प्रवास

नमस्कार श्रोतेहो.

उद्याच्या प्रवासाचा विषय निघाला की उडत्या मोटारी आणि निर्वात नळीतून धावणारे डबे डोळ्यांपुढे येतात. २०१८ मध्ये अशा नळीतून धावणाऱ्या पुणे-मुंबई हायपरलूपचा करार झाला, तेव्हा २५ मिनिटांत मुंबई गाठायच्या कल्पनेने आपणही हरखलो होतो. करार करणारी ती परदेशी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद झाली.

मला आशा वाटते ती बोलिव्हियातल्या ला पाझ शहराकडे पाहून. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, खोलगट दरीत हे शहर वसलंय. दरीच्या काठावर, ४,००० मीटरच्याही वर, एल आल्तो हे दुसरं मोठं शहर. राहायला वर आणि कामाला खाली, असा असंख्य लोकांचा रोजचा क्रम. मधले रस्ते चढाचे, नागमोडी, मिनीबसनी तुंबलेले. ते रुंद करायचे तर डोंगर कापा, घरं पाडा. त्याऐवजी त्यांनी ३० मे २०१४ रोजी पहिला रोपवे सुरू केला. आज तिथे १० मार्ग आहेत, सुमारे ३० किलोमीटरचे. लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांच्या नावांचे.

रोपवे म्हटलं की आपल्याला रायगडची सहल आठवते. ला पाझचा रोपवे म्हणजे शहराची बससेवाच. दोर अखंड फिरत राहतो. पाळणा स्थानकात शिरला की दोरावरची त्याची पकड सुटते, तो अगदी हळू सरकतो, माणसं उतरतात, चढतात, मग वेग घेऊन तो पुन्हा दोर धरतो. एका पाळण्यात १० जण आणि दर १२ सेकंदांना एक पाळणा, म्हणजे तासाला एका दिशेने ३,००० माणसं! वेळापत्रक पाहायलाच नको. जमीन लागते ती खांबांपुरती आणि स्थानकांपुरती. मेट्रोएवढी गर्दी त्याला पेलत नाही, वादळवाऱ्यात तो थांबवावाही लागतो. तरीही डोंगरउतारावरच्या वस्तीसाठी याहून सोयीचं साधन मला दिसत नाही.

पाण्यावरचा पर्याय तर आपल्या किनाऱ्यावरच आहे. कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू आहे. बोटी बॅटरीवर चालतात, पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते तिथले तरंगते धक्के. भरती-ओहोटीबरोबर धक्काही वर-खाली होतो, त्यामुळे तो बोटीशी समपातळीत राहतो आणि चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते.

आपल्या कोकणात ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, एका हाताने पदर सावरत होडीत उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. खाडीवरच्या पुलाची वाट पाहणाऱ्या गावांनी ग्रामसभेत असा तरंगता धक्काही मागावा, असं मला मनापासून वाटतं. पूल होईल तेव्हा होवो, पलीकडच्या दवाखान्यात जायचं असतं ते आजच.