“मिसरी व्हय? ती लावतो की!” – नशेबद्दल नेमकं विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी! आज विषय नशेचा, पण उपदेश करायला बसलेलो नाही. आज बोलायचंय ते प्रश्नावलीबद्दल.

कागल तालुक्यातल्या एका गावात आम्ही सर्व्हे करत होतो. एका मावशींना विचारलं, “तंबाखू खाता काय?” मावशी जवळजवळ चिडल्याच. “छ्या! आमच्यात न्हाई चालत.” मी ‘नाही’वर टिक मारली. चहा पिऊन उठताना कोनाड्यात डबी दिसली. “मावशी, ही?” “मिसरी व्हय? ती लावतो की, सकाळ-संध्याकाळ.”

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. भाजलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मिसरी. ती कुणी ‘खात’ नाही, ‘लावतं’. चुकलं होतं माझं क्रियापद!

[स्क्रीनवर: ३.८ टक्के / २४.४ टक्के]

हे आकडे बघा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्या सर्वेक्षणात मिसरीचंही नाव घेऊन विचारलं होतं. नुसतं “सिगारेट-बिडी ओढता का?” विचारलं असतं, तर बहुतेक सगळा तंबाखू कागदावरनं गायबच झाला असता.

‘ड्रग्ज’ हा शब्द तर त्याहून वाईट. “ड्रग्ज घेता का?” म्हटलं की पोराच्या डोळ्यासमोर सिनेमातली पांढरी पावडर येते. खोकल्याच्या औषधाची बाटली किंवा पंक्चरचं सोल्यूशन हुंगणं त्यात येतं, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. म्हणून एकेक वस्तू नाव घेऊन विचारायची. भांग आणि गांजासुद्धा वेगवेगळे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तसंच केलंय. भांगेचं प्रमाण साधारण २ टक्के आलं, गांजा-चरसचं १.२.

आता काळ. “नेहमी घेता की कधीमधी?” यातलं ‘कधीमधी’ म्हणजे किती? एकाचं आठवड्याला, दुसऱ्याचं शिमग्याला. त्यापेक्षा “गेल्या ३० दिवसांत किती दिवस?” असं विचारा. वर्षाचं विचारायचं असेल तर “गेल्या जोतिबाच्या यात्रेपासून” म्हणा, आठवायला खुंटी मिळते.

पण समजा प्रश्न चोख आहे, आणि सोप्यात सासूबाई कान देऊन बसल्यात. मग काय उत्तर मिळणार? कागद उत्तर देणाऱ्याच्याच हातात द्या, नाव लिहू देऊ नका, पेटीत टाकू द्या. आणखी एक खोड आहे. ‘हो’ म्हटलं की पुढं दहा प्रश्न, ‘नाही’ म्हटलं की सुटका, हे तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणसाच्या लक्षात येतं. त्यामुळं आधी सगळ्या वस्तूंचं हो-नाही उरकून घ्यायचं, खोलात नंतर जायचं.

[खिशातून नाणं काढत] आणि ही माझी आवडती युक्ती. मूळ कल्पना १९६५ मध्ये स्टॅनली वॉर्नर यांनी मांडली, नाण्याचा हा प्रकार त्यातलाच. मला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे झाकून ‘हो’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. समजा १००० पोरांत ५६० ‘हो’ आले. त्यातले अंदाजे ५०० नाण्याचे. उरलेले ६० हे काटा पडलेल्या ५०० मधले, म्हणजे १२ टक्के. कोणाचं ‘हो’ खरं, हे मलाही कळत नाही, आणि म्हणूनच पोरं बोलतात. फक्त माणसं भरपूर लागतात. तालमीतल्या २० जणांवर हा प्रयोग करू नका, आकडा नुसता उड्या मारेल.

उलटी गंमतही असते. काही पोरं मिरवायला सगळ्यालाच ‘हो’ ठोकतात. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या एस्पॅड सर्वेक्षणात म्हणून ‘रेलेविन’ नावाचं एक औषध घातलेलं असतं, जे जगात अस्तित्वातच नाही. ते घेतलं म्हणणाऱ्याचा बाकीचा कागदही जपूनच वाचायचा.

आणि छापण्याआधी दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा, “यातनं काय समजलं?” असं विचारा. आम्ही “दारू पिता का?” असा प्रश्न घेऊन बिंदू चौकात गेलो होतो. पहिलाच गडी म्हणाला, “न्हाई भावा, फकस्त बिअर.”