दिव्यासाठी लावलेलं रान : सालेंतोच्या ऑलिव्हची गोष्ट

मंडळी, ऑलिव्हचं तेल म्हटलं की आज आपल्याला सॅलड आणि हृदयाचं आरोग्य आठवतं. पण इटलीच्या अगदी टाचेत, पुलिया प्रांतातल्या सालेंतो या सखल, खडकाळ भागात शेतकऱ्यांनी शतकानुशतकं ऑलिव्ह जोपासलं ते मुख्यतः जाळण्यासाठी. तिथलं तेल युरोपभरच्या दिव्यांत जळत होतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की तिथली झाडं तशी का वाढली, घाणे जमिनीखाली का गेले आणि गेल्या दहाबारा वर्षांत तिथं एवढा हाहाकार का उडाला, हे सगळं उलगडत जातं.

ऑलिव्ह तिथं फार जुनं आहे. रोमनांच्या आधी मेसापी लोक त्या भागात राहत, तेव्हापासून त्याच्या खुणा सापडतात. पण सगळा मुलूख ऑलिव्हने भरून गेला तो त्यानंतर कितीतरी शतकांनी, व्यापारामुळे. सतराव्या-अठराव्या शतकात गाल्लीपोली हे छोटं बंदर दिव्याच्या तेलाची मोठी पेठ होतं. बंदराजवळच्या मऊ दगडात टाक्या खोदलेल्या होत्या. तेल त्यांत निवळत ठेवायचं आणि पिंपांत भरून जहाजावर चढवायचं. इंग्लंडच्या लोकर गिरण्यांना ते लागे, साबणवाल्यांना लागे, रस्त्यांवरच्या आणि घरांतल्या दिव्यांना तर लागेच. परदेशी व्यापारी आणि त्यांच्या देशांचे वाणिज्यदूत गाल्लीपोलीत मुक्काम ठोकून असत.

आता घाण्यांकडे येऊ. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करतात ते हेच. सालेंतोतले जुने घाणे खडकात खोदलेल्या तळघरांत होते. थंडीत हे तेल गोठतं, आणि फळांचा हंगाम नेमका थंडीत. जमिनीखाली ऊब टिकते. शिवाय दगड मऊ, त्यामुळे खोदायला सोपा आणि वर बांधकामाचा खर्च नाही. रस्त्यावरच्या भोकातून फळं सरळ खालच्या कोठ्यांत ओतायची. खाली डोळ्यांवर पट्टी बांधलेलं खेचर मोठं दगडी चाक फिरवत राही. लगदा विणलेल्या गोल चटयांमध्ये भरून लाकडी स्क्रूच्या दाबाखाली ठेवत, आणि पाण्यावर तरंगणारं तेल हाताने काढून घेत. माणसंही तिथंच, जनावरांच्या शेजारी झोपत. हंगाम लागला की शरदापासून वसंतापर्यंत रात्रंदिवस काम, आणि दिवसाचा उजेड क्वचितच दिसायचा. साऱ्या युरोपला उजेड पुरवणारी ही माणसं स्वतः महिनोन्‌महिने अंधारात काढत होती. असे काही घाणे गाल्लीपोलीत आज पाहायला मिळतात.

वरच्या शेतात कष्ट वेगळे. झाडं उंच वाढू देत, पिकलेलं फळ आपोआप गळू देत आणि मग बाया वाकून जमिनीवरून ते वेचत. पडून राहिलेल्या फळाचं तेल आंबूस होतं, पण दिव्याला चवीचं काय? आजही युरोपीय नियमांत निकृष्ट दर्जाच्या ऑलिव्ह तेलाला ‘लाम्पान्ते’, म्हणजे दिव्याचं तेल, म्हणतात. शेतकऱ्याच्या हाती मात्र फारसं उरत नसे. व्यापारी हंगामाआधी उचल देत आणि पुढे ठरणाऱ्या भावाने तेल घेत. उचल घेतलेल्याला भावावर घासाघीस करता येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात रॉकेल, गॅस आणि पुढे वीज आली, आणि दिव्याची बाजारपेठ संपली. तेल हळूहळू स्वयंपाकघराकडे वळलं, झाडं मात्र तीच राहिली. ओल्यारोला आणि चेल्लीना दि नार्दो या दोन जातींनी सालेंतो जवळजवळ भरलेलं होतं. शेकडो वर्षांची, पिळवटलेल्या खोडांची, पोटात ढोली असलेली ती झाडं लोकांना घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी वाटत. 2007 साली प्रांताने जुन्या झाडांच्या रक्षणासाठी कायदाही केला.

आणि 2013 मध्ये गाल्लीपोलीच्या आसपास झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो, पाणी वर चढत नाही, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर जाणारा छोटा कीटक त्याला पसरवतो. मध्य अमेरिकेतून आलेल्या कॉफीच्या शोभेच्या रोपांबरोबर हा जिवाणू आला असावा, असं अभ्यासक मानतात. याच जिवाणूच्या भाईबंदांनी ब्राझीलमध्ये संत्र्याच्या बागा पोखरल्या आहेत. आपल्याकडे नागपूर-अमरावतीचे संत्रा बागायतदार आहेत, त्यांनी तरी हे नाव ऐकून ठेवावं.

2015 मध्ये युरोपीय संघाने रोगट झाडाभोवतीच्या शंभर मीटरमधली, जिवाणूला आसरा देऊ शकणारी निरोगी झाडंही तोडायला सांगितलं. लोक रस्त्यावर उतरले. आजोबा-पणजोबांनी राखलेल्या हिरव्यागार झाडाला करवत लावू देणं सोपं नसतं, त्यांचं दुःख मला कळतं. पण या रोगाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांवरच संशय घेतला गेला, सालेंतोतल्या लेच्चे शहराच्या सरकारी वकिलांनी त्यांची चौकशी सुरू केली आणि तोड थांबली. 2019 मध्ये ते प्रकरण बंद झालं, तोवर रोग उत्तरेकडे सरकला होता. माझ्या मते तो गमावलेला काळ फार महागात पडला. शेतकरी संघटनांच्या अंदाजाने बाधित झाडं 2 कोटींच्या घरात आहेत.

आता तिथं लेच्चीनो आणि फावोलोसा या तग धरणाऱ्या जाती लावल्या जात आहेत. जिवाणू त्यांच्यातही शिरतो, पण कमी वाढतो आणि झाड उभं राहतं. मला काळजी वाटते ती याची, की पुन्हा दोनच जातींनी सगळी शेतं भरतील. म्हणूनच पुलियातल्याच बारी शहरातल्या संशोधकांचं एक काम मला अधिक आशेचं वाटतं. मेलेल्या बागांमध्ये आपोआप उगवलेली, आजूबाजूला सगळं वाळलं तरी हिरवी राहिलेली ऑलिव्हची रोपं ते हुडकून काढतात, त्यांच्यात प्रतिकारशक्ती आहे का तपासतात, आणि ज्यांच्यात ती आढळते त्यांच्यापासून नव्या जाती घडवण्याचा प्रयत्न करतात. ऑलिव्हला भरघोस फळ धरायला वर्षं लागतात, त्यामुळे या कामाचा खरा निकाल दिसायला अजून बराच अवधी आहे.