दचकल्यानंतरचे काही क्षण

पत्र्याचं झाकण फरशीवर आदळतं. खोलीत हुंगत फिरणारा लॅब्राडोर दचकतो. शेपूट खाली, कान मागे. दोन पावलं मागेही सरकतो. आता त्याच्याकडे नीट बघा. थांबलाय. मान लांब करून झाकणाचा अंदाज घेतोय. जवळ गेला, नाक लावलं... आणि शेपूट पुन्हा हलायला लागली.

दृष्टिहीन किंवा आजारी माणसांच्या सोबतीसाठी मदतनीस कुत्रे निवडणारे प्रशिक्षक हेच टिपायला बसलेले असतात. कुत्रा दचकणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तो सावरतो किती लवकर, हे महत्त्वाचं. दृष्टिहीन माणसाला घेऊन चालताना मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि कुत्रा दहा मिनिटं थरथरत राहिला, तर त्या माणसाने भर रस्त्यात करायचं काय?

मदतनीस कुत्रा म्हटलं की आपण हुशारी शोधतो. पण सतत काहीतरी उद्योग हवा असणारा चलाख कुत्रा इथे अनेकदा जड जातो. कारण या कामात कितीतरी वेळ नुसतं खुर्चीखाली पडून राहायचं असतं. राखणदारी तर नकोच. मालक चक्कर येऊन पडला आणि मदतीला धावलेल्यांवर कुत्रा गुरगुरायला लागला, तर त्याची तीच माया मालकाच्या जिवावर बेतेल.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. तेव्हा भर जर्मन शेफर्डवर होता. आज लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांचा संकर जास्त दिसतो. शिकारीत पडलेला पक्षी न चिरडता आणून द्यायचा, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही कुत्री. म्हणूनच खाली पडलेली किल्ली ती अलगद उचलून हातात देतात.

लॅब्राडोर खादाडही भारी! २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना त्याचं एक कारण सापडलं: पीओएमसी नावाच्या जनुकातला बिघाड. तपासलेल्या लॅब्राडोरपैकी साधारण चौथ्या हिश्शात तो होता. मदतनीस कुत्र्यांच्या पैदाशीत मात्र चारांतल्या तिघांत! खाऊसाठी झटणारा कुत्रा शिकवायला सोपा, म्हणून नकळत अशांचीच निवड होत गेली असावी, असा तर्क आहे. आणि गंमत बघा, याच कुत्र्याला पुढे जमिनीवर सांडलेल्या घासाकडे ढुंकूनही न बघता चालायला शिकावं लागतं.

पाया मात्र फार लवकर घातला जातो. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जिने, गर्दी, छत्र्या, व्हीलचेअर, लहान मुलं असं सगळं पाहिलेलं बरं. हा काळ निसटला, की भीती काढणं अवघड होऊन बसतं. पुढे खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे निघतात. सांधे कच्चे निघाले, तर गुणी कुत्र्यालाही हे काम देता येत नाही.

आता ही फुटपाथची कडा. कुत्रा थांबला, मालकही थांबला. मालक म्हणतो, "पुढे." कुत्रा जागचा हलत नाही. रोज ऐकलेला, खाऊ मिळवून देणारा शब्द, आणि तरी तो हलत नाही. विजेवर चालणारी एक गाडी आवाज न करता समोरून वळून जाते. मालक पुन्हा म्हणतो, "पुढे."

हातातल्या हँडलला ओढ लागते.