डाव्या हाताचा प्रश्न : अवकाशयानाच्या खेळांसाठी जॉयस्टिक निवडताना

(दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर एक यान. निवेदनात ज्या हालचालीचा उल्लेख येईल, ती यान करून दाखवते.)

अवकाशात यान सहा प्रकारे हलू शकते. ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकते, शिवाय त्याचे नाक वर-खाली होते, नाक डावी-उजवीकडे वळते आणि सगळे यान आपल्याच लांबीच्या अक्षाभोवती गिरकी घेते. शेवटच्या तीन हालचालींना वैमानिकांच्या भाषेत अनुक्रमे पिच, यॉ आणि रोल म्हणतात. विमानाला या तीन हालचाली आणि इंजिनाची ताकद मिळाली की भागते, कारण हवेच्या आधाराने उडणारे विमान नाक जिकडे असेल साधारण तिकडेच जाते आणि जागच्या जागी आडवे सरकणे त्याला जमत नाही. यानाला मात्र सहाही हालचाली लागतात, आणि त्या करवून घेणाऱ्या माणसाला हात दोनच असतात. कोणती जॉयस्टिक घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांच्या नावांपासून शोधायला लागण्याऐवजी या हिशेबापासून शोधायला लागलेले बरे.

उजव्या हाताबद्दल फारसा वाद नाही. त्या हातात दांडी असते आणि ती यानाचे तोंड फिरवते. खरा प्रश्न डाव्या हाताचा आहे : त्यात विमानासारखा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ असावी, की दुसरी जॉयस्टिक?

(दृश्य : लढाऊ विमानाचे कॉकपिट. एक हात थ्रॉटलवर, दुसरा दांडीवर.)

थ्रॉटल आला तो लढाऊ विमानांतून. दोन्ही हात थ्रॉटल आणि दांडीवरून न उचलता शस्त्रे, रडार आणि रेडिओ चालवता यावेत म्हणून लागणारी बटणे या दोन मुठींवरच बसवण्याच्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘होटास’ म्हणतात. घरच्या संगणकासाठी मिळणारे बरेचसे संच याच पद्धतीचे असतात. थ्रस्टमास्टर कंपनीचा ‘वॉर्टहॉग’ हा संच तर ए-१० या हल्ला विमानाच्या मुठींची प्रतिकृतीच आहे. अवकाशातील खेळांनीही विमानाची ही घडण सुरुवातीपासून उचलली. १९८४ च्या ‘एलिट’मध्ये यान फक्त रोल आणि पिच करत असे, आणि १९९० च्या ‘विंग कमांडर’मधली लढाई तर हवाई लढाईच वाटे. अशा खेळांत वेग ही एकदा ठरवून सोडून देण्याची गोष्ट असते. थ्रॉटल जिथे ठेवला तिथेच राहतो, हात काढला तरी वेग कायम राहतो, आणि तेथे तो शोभतोही.

खऱ्या अवकाशयानांनी मात्र वेगळी वाट धरली. अपोलोच्या मुख्य यानात डाव्या हाताला सरकण्याची मूठ होती आणि उजव्या हाताला वळण्याची. सोयूझ यानातही हीच वाटणी आहे : डावा हात यान सरकवतो, उजवा हात यान फिरवतो. अपोलोच्या चांद्रयानाची डावी मूठ तर फारच विचार करून घडवलेली होती. तिच्या बाजूला एक छोटा खटका होता, आणि तो कोणत्या बाजूला आहे यावर ती मूठ उतरण्याच्या इंजिनाचा थ्रॉटल म्हणून काम करील की छोटी झोतयंत्रे चालवील, हे ठरत असे. आज खेळाडू ज्या प्रश्नावर तावातावाने वाद घालतात, तो अभियंत्यांनी १९६० च्या दशकातच एका खटक्याने मिटवला होता, असे म्हणायला हरकत नाही. १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना शेवटच्या टप्प्यात नील आर्मस्ट्राँग यांनी उतरण्याचा वेग याहूनही साध्या रीतीने हाताळला : एक छोटा स्विच दर वेळी दाबला की तो वेग सेकंदाला १ फुटाने बदलत असे, आणि इंजिनाची ताकद किती हवी, हे संगणक बघत असे.

(दृश्य : ‘एलिट डेंजरस’. यान एका दिशेने वाहत आहे, नाक भलत्याच दिशेला आहे.)

त्यामुळे खरेदीपूर्वी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा की, आपल्या खेळातले यान विमानासारखे उडते की जडत्वाने वाहते. काही खेळांत दोन्ही सोयी असतात. २०१४ मध्ये आलेल्या ‘एलिट डेंजरस’मध्ये उड्डाणसाहाय्य चालू असेपर्यंत संगणक यानाचा वेग थ्रॉटलशी जुळवत राहतो, आणि वेगपट्टीवर निळ्या रंगाने दाखवलेल्या मधल्या भागात यान सर्वांत चपळपणे वळते. तो निळा पट्टा बोटांना न बघता सापडावा, यासाठी थ्रॉटल खरोखर उपयोगी पडतो. हेच साहाय्य बंद केले की, वेग आपण स्वतः उलट्या दिशेला जोर लावून मारेपर्यंत यान वाहतच राहते. अशा वेळी थ्रॉटल हातात गोंधळ निर्माण करतो, कारण तो पुढे ढकललेला असेल तर जोर सतत लागत राहतो आणि वेग वाढतच जातो. येथे हवी असते ती सोडताच स्प्रिंगने मध्यावर परत येणारी मूठ, म्हणजे हात सैल केला की जोर थांबला. दोन जॉयस्टिकच्या मांडणीला खेळाडू ‘होसास’ म्हणतात. तिचा खरा फायदा सोडताच थांबण्याच्या या गुणात आहे, आणि दोन दांड्यांच्या दिमाखावर भाळून ती घेऊ नये.

माझे मत स्पष्ट सांगायचे तर, ज्यांना केवळ अवकाशातलेच खेळ खेळायचे आहेत त्यांनी दोन जॉयस्टिक घ्याव्यात, आणि ज्यांना विमानांचे खेळही तितकेच आवडतात त्यांनी थ्रॉटल घ्यावा. थ्रॉटल घेणाराने मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली अशी की, अंगठ्याखाली एखादी छोटी दुअक्षी कांडी असावी, म्हणजे आडवे आणि उभे सरकणे तिच्यावर सोपवता येते. दुसरी अशी की, थ्रॉटलच्या प्रवासात मध्यावर हाताला जाणवणारी खाच असावी. विमानाच्या थ्रॉटलला शून्य एका टोकाला चालते, पण यानाला मागेही जायचे असते, म्हणून शून्य मध्यावर आणावे लागते, आणि खाच नसेल तर ते शून्य शोधण्यासाठी प्रत्येक वेळी पडद्याकडे पाहावे लागते.

दोन जॉयस्टिकच्या मांडणीत सहा हालचाली दोन हातांत तीन-तीन वाटल्या जातात. डावी दांडी पुढे-मागे ढकलली की यान पुढे-मागे जाते, बाजूला झुकवली की आडवे सरकते, आणि मूठ पिळली की वर-खाली होते. उजवी दांडी पुढे-मागे केली की पिच होतो, राहिलेल्या दोन हालचालींपैकी एक बाजूच्या झुकावावर आणि दुसरी पिळण्यावर ठेवायची. विमानाचा सराव असलेले लोक झुकावावर रोल ठेवतात, तर माउसने नेमबाजीचे खेळ खेळलेले लोक यॉ ठेवतात, आणि यात बरोबर-चूक काही नाही. पिळण्याने मनगट दुखत असेल तर पायांखालची पेडल घ्यावीत आणि यॉ किंवा रोल त्यांच्यावर टाकावा. डाव्या मुठीची सरळ उभी दांडी ‘पुढे’ ढकलताना काही जणांना अवघडल्यासारखे होते. व्हीकेबी कंपनीच्या ‘ऑम्नी थ्रॉटल’ प्रकारात त्याच जॉयस्टिकची मूठ कलती बसवलेली असते, त्यामुळे हात थ्रॉटल धरल्यासारखा राहतो आणि तीनही अक्ष मात्र जॉयस्टिकचेच मिळतात. थ्रॉटल आणि जॉयस्टिक यांमधल्या वादावर आज मिळणारे सर्वांत समंजस उत्तर मला हेच वाटते.

(दृश्य : उघडलेली जॉयस्टिक. आतला लोहचुंबक आणि सेन्सर जवळून दिसतात.)

आता दांडीच्या आत काय असते ते पाहू, कारण जाहिरातीत ज्याची चर्चा असते आणि हाताला जे जाणवते, त्यांत बरेच अंतर आहे. दांडी किती झुकली हे मोजण्याची जुनी पद्धत पोटेन्शिओमीटरची. त्यात एक सरकता स्पर्श कार्बनच्या पट्टीवर घासत जातो आणि विद्युतरोध बदलतो. घासणारी वस्तू झिजते, झिजलेल्या जागी आकडा उड्या मारू लागतो, आणि दांडी मध्यावर असूनही यान हळूहळू वळत राहते. दुसरी पद्धत, एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिलेल्या परिणामावर चालते. दांडीबरोबर एक चुंबक फिरतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र स्पर्शाविना मोजले जाते, त्यामुळे मोजणीत झिजण्यासारखे काही उरत नाही. आज चांगल्या जॉयस्टिकमध्ये हे किंवा असेच एखादे स्पर्शहीन सेन्सर असतात, आणि पोटेन्शिओमीटरवर पैसे घालण्याचे कारण आता उरलेले नाही.

अचूकतेच्या आकड्यांचे मात्र फार मनावर घेऊ नये. १० बिटांचा सेन्सर दांडीच्या प्रवासाचे १,०२४ भाग करतो, १४ बिटांचा १६,३८४. दांडी एकूण ४० अंश हलते असे धरले, तर १० बिटांतही एक भाग ०.०४ अंशाचा पडतो, आणि मानवी मनगट त्याहून बरेच ढोबळ असते. बारीक नेम बिघडतो तो बहुतेक वेळा मध्यावरच्या ढिलाईमुळे. स्वस्त जॉयस्टिकमध्ये दोन्ही अक्षांना मिळून एकच मोठी स्प्रिंग असते, त्यामुळे मध्यातून निघताना दांडी आधी अडते आणि मग एकदम सुटते, आणि तिरपी हालचाल करताना एका अक्षाचा ताण दुसऱ्याला जाणवतो. महागड्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक अक्षाला वेगळी स्प्रिंग आणि तिचा ताण कसा वाढेल हे ठरवणारा वेगळा घडीव तुकडा, म्हणजे कॅम, असतो, शिवाय ते बदलताही येतात. कॅम आणि बेअरिंग यांवर खर्च केलेला पैसा पहिल्या लढाईतच हाताला कळतो, तसा दिव्यांवर आणि जादा बटणांवर केलेला कळत नाही.

प्रतिसाद-बल देणाऱ्या, म्हणजे आतल्या मोटारीने हाताला उलट जोर लावणाऱ्या, जॉयस्टिकबद्दल थोडे सांगणे भाग आहे. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ आणली, आणि आता काही कंपन्यांनी हा प्रकार पुन्हा बाजारात आणला आहे. विमानात वेगाबरोबर दांडी जड होते, कारण पंखांवरच्या झडपांवर हवा दाब देत असते, आणि ती जाणीव वैमानिकाला खरी माहिती पुरवते. अवकाशात हवाच नाही. यानाच्या दांडीला सांगण्यासारखे फारसे काही नसते, त्यामुळे केवळ अवकाशातल्या खेळांसाठी ही मोटार विकत घेण्यात अर्थ नाही.

(दृश्य : गेमपॅड आणि माउस, शेजारी शेजारी.)

गेमपॅड आणि माउस यांना मात्र कमी लेखू नये. गेमपॅडच्या दोन कांड्यांवर चार अक्ष मिळतात, दोन ट्रिगर धरले तर पाचव्या-सहाव्याचीही सोय होते. अडचण एवढीच की, अंगठ्याखालच्या कांडीचा प्रवास इतका तोकडा असतो की लांबचा नेम धरणे कठीण जाते. माउस नेमात सगळ्यांना मागे टाकतो. २००३ च्या ‘फ्रीलान्सर’ने तर जॉयस्टिकला जागाच दिली नाही आणि सगळे उड्डाण माउसवर उभारले. पण यान सलग फिरवत ठेवायचे झाले की माउसला टेबल अपुरे पडते, आणि सरकण्याचे काम कळफलकाकडे जाते, जिथे कळ एक तर पूर्ण दाबलेली असते किंवा अजिबात नसते. दोन यानांच्या संथ, बेतून केलेल्या जोडणीत ही उणीव फारशी जाणवत नाही. ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’मध्ये असंख्य लोक कळांवर हलके टिचके मारत दोन याने जोडतात, आणि तेथे डावा हात यान फिरवतो, उजवा सरकवतो, म्हणजे अपोलोच्या बरोबर उलट. ज्यांच्या हातांच्या हालचालींवर मर्यादा आहेत त्यांच्यासाठी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेला ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ हा वेगळा पर्याय आहे. त्याच्या मागच्या बाजूला १९ जोडणी-छिद्रे असतात आणि त्यांत आपल्याला सोयीची बटणे किंवा पेडल जोडता येतात.

(दृश्य : खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, टेबलाच्या कडेला शिकंजाने बसवलेल्या दोन जॉयस्टिक.)

दांडी कोठे बसवायची, याचा विचार पुष्कळदा खरेदीनंतर होतो, तो आधी व्हायला हवा. टेबलावर ठेवलेली जॉयस्टिक खांदा वर उचलायला लावते, आणि तासाभरात मान भरून येते. कोपर साधारण काटकोनात आणि हात खुर्चीच्या हातावर टेकलेला राहील, इतकी खाली ती बसली पाहिजे, आणि त्यासाठी टेबलाला किंवा खुर्चीला लावायचा शिकंजा लागतो. जड स्प्रिंगची दांडी हलक्या बैठकीवर असेल तर लढाई ऐन रंगात आली असताना बैठकच उचलली जाते.

शेवटी जोडणीची एक किरकिर सांगितली पाहिजे. दोन एकसारख्या जॉयस्टिक घेतल्या तर संगणकाला दोघींचे नाव एकच दिसते, आणि तार दुसऱ्या छिद्रात गेली की काही खेळांत डावी उजवी होऊन बसते. म्हणून शक्य असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दोघींना वेगळी नावे द्यावीत, दोन्ही तारांची छिद्रे कायमची ठरवून टाकावीत आणि बटणांची मांडणी मनासारखी जमली की खेळाने साठवलेल्या त्या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. मध्यावरचा मृत पट्टा, म्हणजे दांडी हलली तरी यान दाद देत नाही तो भाग, सुरुवातीला शून्य ठेवून पाहावा आणि यान आपोआप वळू लागले तरच, लागेल तेवढाच वाढवावा. प्रतिसादाची रेषा, म्हणजे दांडी किती हलली की यान किती दाद देईल याचा आलेख, मध्याजवळ थोडी सपाट केली की लांबचा नेम सुधारतो, पण हा बदल फिरण्याच्या अक्षांपुरताच ठेवावा, सरकण्याच्या अक्षांची रेषा सरळच राहू द्यावी.