मूळ संच अजून जमू शकेल असे रॉक बँड कोणते?

नमस्कार मंडळी. ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफमध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडचे दोघे गॅलाघर बंधू, लियाम आणि नोएल, पुन्हा एका रंगमंचावर उभे राहिले आणि तेव्हापासून या चॅनेलवर एकच विचारणा होत आहे, ती म्हणजे जुन्या रॉक बँडपैकी कोणाचे मूळ सदस्य अजून एकत्र येऊ शकतात. सोपा भाग आधी उरकतो. बीटल्स, क्वीन, द हू आणि पिंक फ्लॉइड यांचा प्रश्न मृत्यूनेच निकालात काढला आहे आणि रामोन्सच्या पहिल्या चौघांपैकी तर आज कोणीही हयात नाही. लेड झेपेलिनचे पेज, प्लांट आणि जोन्स हयात आहेत, परंतु ड्रमर जॉन बॉनम १९८० साली गेले. २००७ साली लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव जेसन बसले. त्यांनी वाजवले उत्तम, पण त्याला मूळ संच म्हणता येणार नाही.

खरी अडचण यापुढे सुरू होते आणि ती कोणी लक्षातच घेत नाही. 'मूळ' म्हणजे नेमके कोण? आमच्या सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागले की वडील जाहिरातीत 'मूळ संचात' हे शब्द आहेत ना, ते पाहून मगच तिकिटे काढायला जात. तरीही मूळ संच पहिल्या प्रयोगाचा धरायचा की ज्या नटांमुळे नाटक गाजले त्यांचा, यावरून घरात जेवण होईपर्यंत वाद चाले. रॉक बँडच्या बाबतीत हाच वाद आहे आणि 'सगळे जिवंत आहेत, मग अडचण काय?' असे लिहिणारे प्रेक्षक तो न सोडवताच डोकी मोजू लागतात.

द पोलीस हा बँड घ्या. स्टिंग, स्ट्युअर्ट कोपलँड आणि अँडी समर्स हे तिघे म्हणजेच पोलीस, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १९७७ साली बँड सुरू झाला तेव्हा गिटार हेन्री पाडोव्हानी यांच्या हाती होती आणि पहिली एकेरी तबकडीही त्यांच्याच काळातली आहे. समर्स नंतर आले आणि काही आठवड्यांतच पाडोव्हानी बाहेर पडले. त्यामुळे २००७-०८ साली हे तिघे जगभर फिरले तेव्हा मूळ संच परतला, असे म्हणणे काटेकोरपणे चूक ठरते. गंमत अशी की, त्याच दौऱ्यात पॅरिसच्या कार्यक्रमात पाडोव्हानीही शेवटी रंगमंचावर आले होते.

जेनेसिसकडे पाहिले की हाच मुद्दा आणखी ठळक होतो. मला सर्वाधिक विचारणा गॅब्रिएल, कॉलिन्स, हॅकेट, बँक्स आणि रदरफोर्ड या पाच जणांविषयी होते आणि हे पाचही हयात आहेत. मात्र १९६७ साली चार्टरहाउस शाळेत बँड स्थापन झाला तेव्हा त्यात कॉलिन्स नव्हते आणि हॅकेटही नव्हते. गिटारवर अँथनी फिलिप्स आणि ड्रमवर ख्रिस स्ट्युअर्ट होते. कॉलिन्स १९७० साली आले, हॅकेट त्यानंतर. मार्च २०२२ मध्ये लंडनला निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा गॅब्रिएल प्रेक्षकांत होते, आणि कॉलिन्स खुर्चीत बसून गात होते, कारण पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना आता ड्रम वाजवता येत नाहीत. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा निक वाजवत होता. त्यामुळे जिवंत असणे आणि वाजवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही डोकी मोजताना ध्यानात घ्यावे.

आणि ज्यांच्यामुळे हा विषय निघाला, त्या ओएसिसमध्ये तर गाणी लिहिणारा नोएल पहिला अल्बम करणाऱ्या पाच जणांत सर्वांत शेवटी दाखल झाला. बँड आधीच अस्तित्वात होता आणि लियामसुद्धा आधीच्या गायकाच्या जागी आलेला होता. २०२५ च्या दौऱ्यात त्या पाच जणांपैकी दोघे भाऊ आणि गिटारवादक बोनहेड एवढेच होते. लोकांनी मात्र आनंदाने त्याला मूळ ओएसिस म्हटले. माझे मत विचाराल तर ज्या संचाने बँडला नाव मिळवून दिले तोच मूळ धरावा, पण मग सगळीकडे तोच नियम लावावा. आवडत्या बँडपुरती मोजपट्टी बदलू नये.

भारतीय बँडविषयी विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंडियन ओशनचे असीम चक्रवर्ती २००९ साली गेल्यामुळे तो गाजलेला चौघांचा संच आता जमणार नाही.

अक्कलकोटच्या एका काकूंनी लिहिले होते की, या आजोबांनी आता नातवंडे खेळवावीत. काकू, तुमचा मान राखून सांगतो, ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचे चौघे, ज्यांनी पहिला अल्बम केला ते गायक ऑझी ऑस्बोर्न, आयोमी, बटलर आणि वॉर्ड, एकत्र वाजवून गेले. ऑझी ७६ वर्षांचे होते आणि सिंहासनावर बसून गायले. त्यानंतर १७ दिवसांनी त्यांचे निधन झाले. तो कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलला गेला असता तर हे चौघे पुन्हा एकत्र वाजवू शकलेच नसते. अर्थात सॅबथ हे नाव घेण्यापूर्वी हाच बँड काही काळ सहा जणांचा होता, हे माझ्या हट्टापायी नोंदवतो.

आता उरलेले. आर.ई.एम. या अमेरिकन बँडमध्ये स्थापनेचा आणि कीर्तीचा संच एकच, म्हणजे इथे वादाला जागाच नाही. ड्रमर बिल बेरी १९९७ साली बाहेर पडले आणि बँड २०११ मध्ये थांबला. तरी जून २०२४ मध्ये एका सन्मान सोहळ्यात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच, म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या, अथेन्स गावी चौघांनी एकेक गाणे वाजवले. पूर्ण दौऱ्याला मात्र त्यांचा ठाम नकार आहे.

सोलापुरातल्या जुन्या कॅसेटवाल्या मित्रांचा लाडका बँड म्हणजे डायर स्ट्रेट्स. १९७७ चे चौघे, म्हणजे मार्क आणि डेव्हिड हे नॉफ्लर बंधू, जॉन इल्स्ली आणि पिक विदर्स, हयात आहेत. डेव्हिड १९८० साली सोडून गेले, विदर्स १९८२ साली. २०१८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांचा सन्मान केला तेव्हा दोघा भावांपैकी एकही आला नाही आणि सत्काराचे भाषणही इल्स्ली यांनाच करावे लागले. ओएसिसचे भाऊ भांडले आणि परतले, हे खरे, परंतु मार्क नॉफ्लर यांना ते जुने दिवस परत हवेच आहेत, असे त्यांच्या आजवरच्या वागण्यावरून मला मुळीच वाटत नाही.