मिळकत बेभरवशाची, हप्ता ठरलेला

ठाणेकर मंडळींना नमस्कार.

1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला तो आपल्या वागळे इस्टेटीत. तिथल्या कारखान्यांत नोकरी केलेली बरीच माणसं आज समोर बसली आहेत. पगार फार नव्हता, पण सात तारखेला किती हातात येणार हे घरच्यांनाही ठाऊक असायचं. फंड कापला जायचा, तेवढीच भर मालक घालायचा. 1965 च्या कायद्याने किमान बोनस आला, पुढे तो 8.33 टक्के झाला. मुलीच्या लग्नाला पतपेढीचं कर्ज मिळायचं आणि हप्ता पगारातून परस्पर वळता व्हायचा. धंदा मंदावला की पहिला फटका मालकाला बसायचा. संप, टाळेबंदी, बंद पडलेले कारखाने हेही याच ठाण्याने पाहिलं, तेव्हा तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण मंदीची झळ कुणी आधी सोसायची, याचा एक क्रम होता.

आज घोडबंदर रोडला रात्री अकरा वाजता अॅपवरून मागवलेलं दूध तुमच्या दारात आणून देणाऱ्या मुलाचा हिशोब मांडून बघा. समजा, महिन्याला 24,000 रुपये त्याच्या खात्यात आले. पेट्रोलला 5,500 गेले. मोबाइल, रिचार्ज, सर्व्हिसिंग मिळून 1,500. गाडीसाठी 1 लाखाचं कर्ज आहे, 3 वर्षांचं, ‘फ्लॅट 10 टक्के’ दराने. त्याचा हप्ता साधारण 3,600. उरले 13,400. यात फंड नाही, भरपगारी रजा नाही. पावसात घसरून पाय मोडला तर महिनाभर कमाई शून्य, आणि तक्रार आली, अॅपवरची त्याची आयडी, म्हणजे कामच, बंद झालं, तर दाद कुणाकडे मागायची हेही त्याला माहीत नसतं. ऑर्डर कमी पडल्या तर कंपनीचा खर्च आपोआप कमी होतो. त्याचा हप्ता मात्र एका रुपयानेही कमी होत नाही.

त्या ‘फ्लॅट 10 टक्क्यां’कडेही जरा बघा. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 1 लाखावरच मोजलं जातं. घटत्या शिलकीवर काढलात तर हा दर जवळपास 18 टक्के पडतो. गृहकर्जाला पाव टक्का जास्त लागला तर आपण बँक बदलतो. या मुलाला जवळपास दुप्पट दर कुणी समजावूनही सांगत नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे येऊ. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर फ्रीज घेतला, व्याज शून्य. खरंच शून्य? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. रोखीने घेताना मिळाली असती ती सवलत अनेकदा हुकते, ते वेगळंच.

पण मला व्याजापेक्षा जास्त काळजी हप्त्यांच्या संख्येची वाटते. फोनचा हप्ता, टीव्हीचा हप्ता, मुलाच्या ऑनलाइन क्लासचा हप्ता, शिवाय दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी. एकेक रक्कम किरकोळ, म्हणून बेरीज कुणी करत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या 13 फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यात न विचारता खरेदीच्या टोपलीत माल टाकणं आहे आणि वर्गणी रद्द करणं अवघड करून ठेवणंही आहे. असा अनुभव आला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, सोडून देऊ नका.

म्हणजे मिळकतीतली खात्री गेली आणि खर्चात पक्के हप्ते येऊन बसले. ज्यांच्या घरी महिन्याची कमाई वरखाली होते, त्यांनी हप्ता ठरवताना वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरावा, सरासरी धरू नये. अॅप आणि कर्ज देणारा सरासरीही धरत नाहीत, ते चांगला महिना दाखवतात.

पण हा प्रश्न एकट्याच्या काटकसरीने सुटणारा नाही. खाडी ओलांडून वाशीला जा. बाजार समितीतला माथाडी एका मालकाचा नोकर कधीच नव्हता; आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या व्यापाऱ्याची. तरीही अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्के आकारणी, माथाडी मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून कामगाराला मजुरी, फंड, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरं उभी राहिली, मुलं शिकली. अनेक मालकांच्या कामगारालाही सुरक्षितता देता येते, हे याच महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं. आज तो कायदा दुबळा झाला आहे, बोगस माथाडींचा त्रास आहे, हे मान्य. कल्पना मात्र भक्कम होती.

गिग कामगारांसाठी, म्हणजे अॅपवर फेरीगणिक कमावणाऱ्या अशा मुलांसाठी, राजस्थानने 2023 मध्ये कायदा केला, 2025 मध्ये कर्नाटकानेही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2029-30 पर्यंत देशात असे 2 कोटी 35 लाख कामगार असतील. माथाडी कायदा देणाऱ्या राज्याने मागे राहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘अॅप कंपन्यांवर अशी लेव्ही लावली तर डिलिव्हरी महागणार नाही का?’ थोडी महागेलही. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपनीने वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे आहेत, आणि कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त नाही. एका फेरीचे त्या मुलाला 40 रुपये मिळत असतील तर जास्तीत जास्त 2 रुपये. कंपनीने ते सगळेच्या सगळे आपल्या बिलात टाकले, तरी मी ते आनंदाने भरेन.