पदरी पडला, पवित्र झाला

(दृश्य : पांढरं टेबल. दोन फोन उघडून ठेवलेले. चिमट्याने एकेक भाग बाहेर निघतोय आणि ओळीने मांडला जातोय.)

हे दोन फोन एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. निदान जाहिरातींत तरी. पण असे सुटे करून शेजारी शेजारी मांडले, की कुठला भाग कुणाचा हे सांगताना भलेभले गडबडतील. कॅमेऱ्यामागचा सेन्सर सोनीचा, दोन्हीकडे असू शकतो. प्रोसेसरचा पाया आर्म या कंपनीच्या रचनेचा, आणि तो घडवणारी बऱ्याचदा तैवानची टीएसएमसी. वरची काच कॉर्निंगची. घरोघरी मातीच्याच चुली.

२०११ च्या एप्रिलमध्ये ॲपलने सॅमसंगला कोर्टात खेचलं. आरोप असा, की यांनी आमच्या आयफोनची नक्कल केली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने १०० कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, मग अपिलं, फेरसुनावण्या, आणि भांडण मिटायला २०१८ उजाडलं. गंमत अशी, की खटला ऐन रंगात होता तेव्हा आयफोनमधली मुख्य चिप सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होती. २०१७ साली आयफोन टेन आला, त्याचा ओएलईडी पडदाही सॅमसंगच्याच घरचा.

म्हणजे आतून इतकं साम्य. मग बाहेर एवढी कट्टरता कशासाठी? पंधरा-पंधरा वर्षं एकाच ब्रँडला धरून राहिलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कारण विचारलं की उत्तर तयार असतं. कॅमेरा भारी. हँग होत नाही. बॅटरी टिकते. ही उत्तरं खोटी नसतात. पण फोन घेण्याआधी ती किती जणांच्या डोक्यात असतात, याची मला शंका आहे.

(दृश्य : विमानतळ. बोर्डिंगच्या रांगेशेजारी बंदी घातलेल्या वस्तूंचा फलक.)

नुसती गुणवत्ता बघून माणसं ब्रँड ठरवत असती, तर सॅमसंगची कहाणी २०१६ मध्येच संपायला हवी होती. त्या ऑगस्टमध्ये गॅलक्सी नोट ७ बाजारात आला आणि काही दिवसांत फोन पेट घेऊ लागले. कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवले. बदली म्हणून दिलेलेही पेटले. ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं, आणि अमेरिकेत तो फोन विमानात न्यायलाच मनाई झाली. खिशात आग लागू शकते, याहून मोठा दोष फोनमध्ये काय असणार?

पुढच्या जानेवारीत कंपनीने बॅटरीतले दोष उघड सांगितले, एप्रिलमध्ये नवा गॅलक्सी एस ८ आणला. २०१७ हे वर्ष सरलं तेव्हा जगात सर्वांत जास्त स्मार्टफोन विकणारी कंपनी कोण होती? सॅमसंगच.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हुआवे या चिनी कंपनीवर निर्बंध लादले. सप्टेंबरमध्ये हुआवेचा मेट ३० आला. बांधणी देखणी, कॅमेरा वाखाणण्यासारखा, काहीही पेटलं नाही. फक्त निर्बंधांमुळे त्यात गुगलच्या सेवा नव्हत्या. प्ले स्टोअर नाही, गुगल मॅप्स नाही, जीमेल नाही. चीनमध्ये या सेवा एरवीही चालत नव्हत्या, त्यामुळे तिथे कुणाचं काही अडलं नाही. चीनबाहेर मात्र लोकांनी पाठ फिरवली. कालपर्यंत ज्या कॅमेऱ्याचं कौतुक चाललं होतं, तो अचानक कुणालाच नको झाला.

आगीला माफी मिळाली, नकाशा नसण्याला मिळाली नाही.

नोकियाच्या बाबतीत हेच आणखी केविलवाण्या रीतीने घडलं. २०१३ च्या जुलैमध्ये त्यांनी लुमिया १०२० जाहीर केला. ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्या काळात आसपास कुणी फिरकत नव्हतं. पण फोन चालायचा विंडोजवर, आणि विंडोजवर तेव्हा इन्स्टाग्रामच नव्हतं. ते आलं नोव्हेंबरमध्ये, तेही बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती म्हणून. फोटो काढायला जगातला सर्वोत्तम फोन, आणि काढलेले फोटो जिथे सगळे टाकत होते तिथे जायला वाट नाही. नोकियावर जीव टाकणाऱ्यांची त्या काळात कमी नव्हती. त्यांनीही हळूहळू घर बदललं.

(दृश्य : मेसेजचा पडदा. निळे फुगे एकामागून एक. मध्येच एक हिरवा.)

माणूस फोन विकत घेतो असं आपण म्हणतो. खरं तर तो आपल्या माणसांमध्ये, आपल्या फोटोंमध्ये, आपल्या सवयींमध्ये जायचं एक दार विकत घेतो. आणि दारं कशी बंद ठेवायची, हे कंपन्यांना आपल्याहून चांगलं कळतं.

आयमेसेज, म्हणजे ॲपलची मेसेज सेवा, २०११ मध्ये आलं. आयफोनवरून आयफोनला पाठवलेला मेसेज निळ्या फुग्यात दिसतो, बाकीच्यांना पाठवलेला हिरव्या. एवढ्याशा रंगावरून काही समाजांत, विशेषतः अमेरिकेत शाळकरी मुलांमध्ये, ग्रुपमधून बाहेर पडण्याची वेळ यावी हे ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण कंपनीला ते हास्यास्पद वाटत नव्हतं. २०२१ मध्ये एपिक गेम्स विरुद्ध ॲपल हा खटला चालला आणि जुने अंतर्गत ईमेल बाहेर आले. २०१३ मधल्या एका ईमेलमध्ये ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरीगी यांनी काळजी बोलून दाखवली होती, की आयमेसेज अँड्रॉइडवर नेलं तर आयफोनवाल्या कुटुंबांना मुलांच्या हाती अँड्रॉइड द्यायला जो अडथळा वाटतो, तोच दूर होईल.

ही नुसती मेसेजिंगची सोय नव्हती. आईवडिलांच्या खरेदीपाशीच मुलांचीही खरेदी ठरून जावी, अशी ती योजना होती. २०२४ च्या सप्टेंबरपासून आयफोनवर आरसीएस, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये मेसेज-फोटो पाठवायची सामाईक पद्धत, आलं, त्यामुळे दोन्हीकडचे फोटो आता धड पोहोचतात. फुगा मात्र हिरवाच आहे.

व्हॉट्सॲप तर दोन्हीकडे सारखंच चालतं, तिथे रंगाचा प्रश्न नाही. पण तिथेही बरीच वर्षं एक गोम होती. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट गेलात, तर जुने चॅट सोबत नेण्याची सरळ सोयच नव्हती. आयफोनवरून सॅमसंगवर ते नेता येऊ लागले २०२१ मध्ये, अँड्रॉइडवरून आयफोनवर २०२२ मध्ये. तोवर कुणी काय केलं असेल, विचार करा. गेलेल्या माणसाचे शेवटचे व्हॉइस मेसेज जुन्या फोनमध्ये आहेत. बॅकअप आहे, पण तो दुसऱ्या बाजूला उघडत नाही. अशा वेळी प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, हे कोण विचारतं? मुकाट्याने त्याच बाजूचा पुढचा फोन घेतला जातो. विक्रीच्या तक्त्यात त्याची नोंद होते ‘ब्रँडवरील निष्ठा’ अशी.

(दृश्य : दोन हात एकाच फोनवर. एक वयस्कर, एक तरुण.)

आणखी एक कारण आहे, आणि फोनच्या परीक्षणांत ते मला फारसं दिसत नाही. प्रत्येक गोतावळ्यात एक जाणकार असतो. पासवर्ड विसरला की त्याला फोन जातो. अक्षरं मोठी कशी करायची, हे त्यालाच ठाऊक. आजूबाजूची माणसं पुढचा फोन घेताना स्वतःला काय आवडतं हे पाहत नाहीत, त्याला काय दुरुस्त करता येतं ते पाहतात. ‘तू सांगशील तो घेते’ या वाक्यात सगळी तांत्रिक तुलना आटोपते. जाणकाराने बाजू बदलली की दोन-तीन वर्षांत सगळं घर त्याच्या मागोमाग जातं. तो बिचारा मात्र समजतो, की आपण फक्त सल्ला दिला.

मेगापिक्सेल, रॅम, मिलिअँपिअर अवर वगैरेंबद्दल फार बोलायला नको. आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो, म्हणून तो छापला जातो. गुगलच्या पहिल्या पिक्सेलचा कॅमेरा २०१६ मध्ये साधारण १२ मेगापिक्सेलचा होता आणि त्याचे फोटो नावाजले गेले ते सॉफ्टवेअरमुळे. ‘सॉफ्टवेअर चांगलं’ हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत कसं छापणार?

(दृश्य : रात्र. अंधारात फोनचा उजेड पडलेला एक चेहरा. तो व्हिडिओ पाहतोय. त्याच फोनबद्दलचा.)

हे दृश्य माझंच आहे, कबूल करतो. फोन घेऊन आठवडा झाला होता, पैसे देऊन झाले होते, परत करण्याची मुदतही उलटली होती. आणि मी रोज रात्री त्याच फोनची परीक्षणं बघत होतो. कुणी वाखाणलं की बरं वाटायचं. कुणी नावं ठेवली की तो माणूस विकलेला.

हा आजार जुना आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी नव्याने मोटार घेतलेल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की ही माणसं दुसऱ्या गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचतात. खरेदी झाल्यानंतर! जाहिरात गिऱ्हाईक गाठण्यासाठी असते असं आपण समजतो. तिचा निम्मा उपयोग बहुधा गाठलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालण्यासाठी होत असावा. पदरी पडलं पवित्र झालं, हे आपल्याकडे प्रयोगाविनाच ठाऊक होतं.

एकदा पवित्र झालं, की मग आपला तो बाब्या. आपला फोन अडकला तर ‘ॲप खराब आहे’. दुसऱ्याचा अडकला तर ‘कंपनीच तसली’.

अलीकडे एक गोष्ट मात्र बदलते आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगने गॅलक्सी एस २४ साठी तेच वचन दिलं. फोन सात वर्षं चालला, तर निवडीची वेळच क्वचित येणार. सात वर्षांचे फोटो, सात वर्षांचे चॅट, अंगवळणी पडलेलं बोट. दार दर वर्षी थोडं थोडं जड होत जाणार.

(दृश्य : तेच पांढरं टेबल. या वेळी दोन वेगवेगळ्या ब्रँडचे अखंड फोन. दोन्हींच्या पडद्यांवर डेटा हलवण्याची पट्टी सरकतेय.)

तरीही कुणीतरी हे दार उघडतंच. पट्टी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. उरलेली मिनिटं अकरा, मग नऊ, मग काही कारण नसताना पुन्हा चौदा. फोटो आले. नंबर आले. काही ॲप आली नाहीत. जुना फोन बंद न करता कपाटात ठेवला जातो.

(दृश्य : पहाट. बंद कपाट. आतून गजर वाजतोय.)